खाशाबा, आपले पीटीचे सर आणि अर्ध्या तासाची विश्रांती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप मला तीन वेळा आला. पहिल्या दोन वेळा मी टाळलं. शाळेच्या आठवणी लिहायला बसलं की आपणा सगळ्यांच्या वहीत तेच निघणार: पालखी मुक्कामाला आली की मिळणारी सुट्टी, कांद्याच्या मार्केटकडून वाऱ्यावर येणारा वास, शनिवारची सकाळची शाळा आणि डबा न खाताच पळणारे आपण. म्हणून मी अशा माणसाबद्दल लिहितोय, जो आपल्या शाळेत कधी आला नाही. पण त्याच्यामुळे मी पीटीचा मास्तर झालो.

१४ ऑगस्ट १९८४ ला खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले. आपण तेव्हा दहावीत होतो. स्वातंत्र्यदिनानंतरच्या पहिल्याच पीटीच्या तासाला सरांनी आपल्याला मैदानावर न पळवता लिंबाखाली बसवलं, आणि तास संपेपर्यंत एकाच माणसाची गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या निम्म्यांना तो तास आठवणारही नाही, कारण मागच्या रांगेत चिंचा फिरत होत्या. मला आठवतो. तेव्हा जे कळलं नाही ते नंतर वाचून, विचारून भरून घेतलं.

खाशाबा आपल्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. बेचाळीसच्या चळवळीत जिल्हा पेटला होता, तेव्हा भूमिगतांना आसरा देण्यात आणि निरोप पोचवण्यात या पोरानंही वाटा उचलला. कुस्ती वडिलांकडून आली, पुढे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींनी तिला वळण लावलं. अंगानं मात्र ते कधीच दांडगे नव्हते. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो गडी उभा राहतो, तसे ते दिसतच नसत. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेल्यावर त्यांनी वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर तिथल्या क्रीडाशिक्षकांनी हा किडकिडीत मुलगा पाहून नाव घ्यायचंच नाकारलं. मी स्वतः त्या खुर्चीत तीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, असं होतं. शंभर मुलं समोर असतात, नजर उंचीवर आणि दंडावर जाते. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि कॉलेजच्या हौद्यात या पोरानं आपल्याहून थोराड, नावाजलेल्या मल्लांना एकामागून एक आसमान दाखवलं. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथल्या प्रेक्षकाला सहसा धक्का बसत नाही, पण त्या दिवशी बसला असणार. पुढे राष्ट्रीय पातळीवर त्यांनी बंगालच्या निरंजन दासला हरवलं. तो फ्लायवेटचा देशातला पहिल्या नंबरचा मल्ल होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले, खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. इथवरची त्यांची सगळी कुस्ती लाल मातीतली. मातीत पाय रुततो, पकड घट्ट होते, घामावर माती टाकून हात धरता येतो. मॅटवर यातलं काही नाही, पाय सरकतो, आणि गुणांचा हिशोब निराळाच. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली. आयुष्यातला पहिला आधुनिक प्रशिक्षक भेटला तो थेट ऑलिंपिकच्या गावी, स्पर्धा तोंडावर आलेली असताना. तरीही ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांत पाडलं, अमेरिकेच्या बिली जेर्निगनला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र हरले. सहावा क्रमांक आला. एवढ्याशा शिकवणीवर सहावा! सरांनी हे सांगताना बोटांवर दिवस मोजल्यासारखं केलं होतं.

पुढची चार वर्षं त्यांनी वजनगट वाढवून तयारी केली. १९५२ च्या हेलसिंकीच्या निवडीत मात्र घोळ झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि समोरच्याला चीत करून त्यांनी जागा मिळवली. मग पैशांचा प्रश्न आला. सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबा दारोदार फिरले, गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार! प्राचार्य राहिलेल्या माणसानं एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावं, हे आज मी आमच्या शिक्षक खोलीत सांगितलं तर चहा थांबतो.

हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कॅनडाचा पोलीक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. झुंज लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. हा इशीच पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. मॅटवरून उतरून श्वास जाग्यावर येतोय न येतोय, तोच त्यांना रशियाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण नियम दाखवून पंचांपुढे उभं राहायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. २३ जुलै १९५२ ला त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं तर २००८ साली आलं.

परत आल्यावर कराड स्टेशनवर त्यांना आणायला शंभराहून जास्त बैलगाड्या आल्या होत्या, आणि थोडक्या मिनिटांचा रस्ता संपायला सात तास लागले म्हणतात. पुण्याहून कराडला येणारी गाडी तेव्हा मीटरगेजवरून यायची, आपल्याच लोणंद स्टेशनावरून. त्या दिवशी आपल्या फलाटावर कुणाला ठाऊक होतं का, ही रुखरुख सरांना होती. मलाही आहे. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं ऑलिंपिक हुकलं. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, खात्यातल्या पोरांना शिकवलं. ऑलिंपिक पदकवाल्या माणसाला कुस्ती शिकवून पोट भरेल अशी जागा या देशात नव्हती. गावोगावच्या तालमींत वस्तादाला मान होता, त्याच्या पायाला हात लागायचे, पण पगार नव्हता. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली १९६१ साली. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, म्हणजे आपण दहावी झालो त्या वर्षी, खाशाबांच्या पश्चात. सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, ती बढतीही निवृत्तीच्या तोंडावर. पेन्शनसाठी झगडावं लागलं, शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. दिल्लीच्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे.

आता माझं सांगतो. बी.पी.एड. करायचं म्हटल्यावर आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. वडिलांना वाटे, पोरानं बँकेची परीक्षा द्यावी. लग्नाच्या वेळी मुलगा पीटीचा सर आहे म्हटलं की मुलीकडचे विचारायचे, दुसरा कोणता विषय शिकवतो. नोकरी लागली दुसऱ्या तालुक्यात, तीही हंगामी. नोकरी लागून वर्ष होत होतं तेव्हा मी एका पोराला जिल्ह्याच्या शालेय कुस्तीला नेलं. पोरगं बारीक, दम मात्र भरपूर. उपांत्य फेरीत त्यानं मागच्या वर्षीच्या विजेत्याला ढाक लावून पाडलं. सगळं मैदान उभं राहिलं. आणि दहा मिनिटांत पुकारा झाला, अंतिम कुस्ती. पोरगं माझ्याकडे बघत होतं. त्याच्या मानेवरची शीर अजून उडत होती. लिंबाखालचा तास मला त्या क्षणी अक्षरन् अक्षर आठवला. मला फक्त टेबलापाशी जाऊन वेळ मागायची होती. टेबलावरच्या माणसाशी वाद घातला तर माझ्या कायम होण्याच्या कागदाचं काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत पाठवलं. दोन मिनिटांत तो चीत झाला. घरी येताना एसटीत त्यानं मला एक शब्दानं विचारलं नाही. ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. आपले सर या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं, म्हणून इथे लिहिली.

आता दिवस बदलले आहेत, हे खरं. विजय चौधरी, राहुल आवारे कुस्तीच्या जोरावर पोलीस उपअधीक्षक झाले. काका पवारांच्या पुण्यातल्या संकुलात पोरं घालायला आईबाप रांग लावतात. माझ्याच शाळेतल्या पोरांना मी मोठेपणी काय व्हायचंय विचारतो, तर दोघातिघांच्या तोंडून कोच असं येतं, आणि त्यांच्या घरी अबोला होत नाही. पण हे शहराच्या बाजूला. आपल्यासारख्या गावातल्या शाळेत पीटीचा तास अजूनही गणिताचा राहिलेला भाग उरकायला जातो, आणि मॅट म्हणून जी गुंडाळी असते ती गॅदरिंगला स्टेजवर अंथरतात.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आपल्या बॅचकडून शाळेला काय द्यायचं, याची यादी आहे. कमानीवर आपली नावं कोरायची, ही सूचना सगळ्यांत वर आहे, आणि ती कुणी केली ते मला माहीत आहे, तो माझा जुना मित्र आहे, रागावणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या पैशात एक चांगली मॅट येते आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या प्रशिक्षकाचं दोन वर्षांचं मानधन निघतं. माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे, पाकिटावर मॅट असं लिहून. दोन वर्षांनी मी निवृत्त होतो. त्यानंतर शनिवारी सकाळच्या सातच्या गाडीनं लोणंदला यायला मला काही अडचण नाही, मानधन नको, फक्त स्पर्धेला पोरांबरोबर टेबलापाशी जाण्याचं शाळेचं पत्र हवं.