कंटेनरमध्ये वायफाय दिसेना, आणि त्या नादात मी उषा मेहतांपर्यंत पोहोचलो

गेल्या महिन्यात सलग तीन रात्री मी स्क्रीनवरच्या एकाच ओळीकडे बघत बसलो होतो. घरच्या राउटरची सुरक्षा तपासायची होती. लॅपटॉपमध्ये कचरा नको म्हणून एअरक्रॅक वगैरे टूल्स थेट न टाकता डॉकरच्या कंटेनरमध्ये टाकली. कंटेनर म्हणजे साध्या भाषेत डबा. टूल आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एकत्र भरायच्या, मग डबा कुठेही नेऊन उघडा, आतलं सगळं जसंच्या तसं चालतं. माझाही डबा उघडला, टूल सुरू झालं आणि त्याने सांगितलं की वायरलेस इंटरफेस एकही नाही. समोर यूएसबी अडॅप्टरचा दिवा मात्र मस्त लुकलुकत होता.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. आमच्या मजल्यावर एक गुजराती आजी आहेत, सगळी बिल्डिंग त्यांना बा म्हणते. तिसऱ्या रात्री बांच्या टीव्हीवर ‘ऐ वतन मेरे वतन’ लावून द्यायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. हा २०२४ चा सिनेमा उषा मेहतांवर आहे. सिनेमा तो सिनेमाच, पण घरी येऊन त्यांच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा जाणवलं, माझी अडचण आणि १९४२ मधली त्यांची अडचण एकाच जातीची आहे. फरक इतकाच की माझं काही बिघडलं असतं तर फार तर नेट गेलं असतं.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात चळवळीला वाव नव्हता. तरीही आठव्या वर्षी, १९२८ मध्ये, ही मुलगी सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात होती. त्या काळातला एक किस्सा मला फार आवडतो. मुलांच्या प्रभातफेरीवर पोलीस धावून आले, झेंडा धरलेली मुलगी पडली आणि तिच्याबरोबर झेंडाही. मुलांनी घरी येऊन तक्रार केली. मग मोठ्यांनी मुलांना झेंड्याच्या तीन रंगांचे कपडेच शिवून दिले. आता पाडायला झेंडाच शिल्लक नव्हता! बॅकअप म्हणतात तो याला.

१९३० मध्ये वडील निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषाबेन विल्सन कॉलेजात शिकल्या, १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या, पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो अर्धाच राहिला, कारण मध्ये ऑगस्ट १९४२ आला.

८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मोठे नेते तुरुंगात होते. वर्तमानपत्रांवर बंधनं, आकाशवाणी सरकारची. बातमी पोहोचवणार कशी? बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं ठरवलं. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबूभाई ठक्कर त्यात होते. शिकागो रेडिओवाले नानक मोटवाने यांनी साधनसामग्रीची मदत केली. पुढे राममनोहर लोहियाही येऊन मिळाले. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आपण कुठून बोलतोय हे तो सांगत नसे, भारतात कुठूनतरी, एवढंच.

४२.३४ मीटर ही तरंगलांबी झाली. आपल्या भाषेत ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. तुमच्या फोनचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याची लाट जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची. म्हणून फोनची अँटेना फोनच्या आत मावते. उषाबेनच्या लाटेला पाव लांबीची तार घ्यायची म्हटली तरी ती दहा मीटरच्या पुढे जाते. घराघरांच्या दाटीत, गुपचूप, दहा मीटर तार! आणि ती तार तरी लपवाल, तिच्यातून निघालेली लाट लपत नाही. ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याला ऐकू येणार, मग तो कार्यकर्ता असो की पोलीस.

डबा हलतो, अँटेना बाहेरच राहते

इथे माझ्या तीन रात्रींचं उत्तर आहे. कंटेनर सॉफ्टवेअरला वेगळं ठेवतो, पण त्याच्याकडे स्वतःचं कर्नल नसतं, ते यजमान मशीनचंच वापरलं जातं. त्यामुळे अडॅप्टरचा ड्रायव्हर कंटेनरच्या आत टाकून उपयोग नाही, तो बाहेर लिनक्सवर चढवावा लागतो. मी दीड रात्र तो आतच टाकत होतो. दुसरं, कंटेनरला त्याचं स्वतःचं वेगळं नेटवर्क मिळतं आणि बाहेरचं वायफाय कार्ड त्यात दिसत नाही. कंटेनर सुरू करतानाच होस्टचं नेटवर्क वापर असं सांगायचं आणि नेट-अ‍ॅडमिन व नेट-रॉ या दोन परवानग्या द्यायच्या. सरसकट प्रिव्हिलेज्ड मोड लावून मोकळं होणारे बरेच असतात. मला ते पटत नाही, वेगळं ठेवायचं म्हणून डबा घेतला आणि मग त्याचं झाकणच काढून टाकलं, असं होतं ते.

तिसरं म्हणजे मॉनिटर मोड. यात कार्ड कुठल्याही राउटरला न जोडता हवेतलं सगळं नुसतं ऐकतं. तो मोड लावला की लॅपटॉपचा नेटवर्क मॅनेजर मध्ये येऊन कार्ड परत ओढून घेतो. कंटेनरमधून बाहेरच्या प्रोसेस दिसत नाहीत, म्हणून त्याला आतून थांबवता येत नाही. तेव्हा बाहेरूनच त्याला सांगायचं की या एका अडॅप्टरला हात लावू नकोस. मी शहाण्यासारखा अख्खा मॅनेजरच बंद केला आणि लॅपटॉपचं नेट गेलं. पुढचं सगळं फोनवर शोधलं. आणि विंडोज किंवा मॅकवर हे करत असाल तर तिथे डॉकर एका व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतं, यूएसबी अडॅप्टर तिथवर आपोआप पोहोचत नाही. सरळ लिनक्स घ्या, वेळ वाचेल. हो, आणि हे फक्त स्वतःच्या राउटरवर करा. शेजाऱ्याच्या वायफायवर परवानगीशिवाय केलंत तर आयटी कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची कैद आहे.

आता परत १९४२. काँग्रेस रेडिओच्या मंडळींनीही कामाचे डबे वेगळे केले होते. रेकॉर्डिंग एका जागी, प्रक्षेपण दुसऱ्या जागी. प्रक्षेपणाची जागाही सतत बदलायची, चौपाटीजवळची सी व्ह्यू इमारत, मग आणखी कुठे, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पुढे फक्त संध्याकाळी, हिंदी आणि इंग्रजीत. आपल्या विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीमध्ये लोकांवर काय अत्याचार झाले ते इतर ठिकाणी दाबलं जात असताना या रेडिओने सांगितलं.

पोलीस स्वस्थ नव्हते. ते रोज हे कार्यक्रम ऐकून लिहून घेत होते, म्हणजे अक्षरशः मॉनिटर मोड. गंमत अशी की त्या पोलिसी नोंदींमुळेच काँग्रेस रेडिओवर काय बोललं जायचं ते आज आपल्याला वाचता येतं. सरकारी बाजूने लहरींवर गोंगाट सोडून आवाज बुडवायचाही प्रयत्न झाला. शोधगाड्या मागावर होत्याच. तरी जवळपास अडीच महिने केंद्र टिकलं.

पडलं ते माणसामुळे. यंत्र बांधणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. १२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडल्याचं उषाबेनना आधी कळलं होतं. पळून जाता आलं असतं. तरी त्या पारेख वाडीत गेल्या आणि ठरलेला कार्यक्रम सुरू केला. वंदे मातरम् चालू असताना पोलीस दार फोडून आत आले.

हे वाचताना मी थांबलो होतो. राउटरचा पासवर्ड, एन्क्रिप्शन, सगळं तपासत बसतो आपण, आणि आमच्या घरचा वायफाय पासवर्ड बाबांनी इस्त्रीवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना देऊन ठेवलाय.

पुढचे सहा महिने उषाबेनची चौकशी चालली. एकांतकोठडी, विदेशात शिकायला पाठवण्याचं आमिषसुद्धा. त्या बोलल्या नाहीत. खटल्यातही त्यांनी मौनच पाळलं. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला. तब्येत ढासळली, उपचारासाठी जे. जे. रुग्णालयात ठेवलं, परत तुरुंग. १९४६ मध्ये सुटका झाली, पण तब्येत अशी होती की १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा बघायला त्या दिल्लीला जाऊ शकल्या नाहीत.

राजकारणात त्या शिरल्या नाहीत. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली, तिथेच शिकवलं, १९८० मध्ये निवृत्त झाल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या दरवर्षीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या, तेच जुनं गवालिया टँक. थकून घरी आल्या, आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी वारल्या.