बेंजामिन फ्रँक्लिन व विजेची वाट

बेंजामिन फ्रँक्लिन हें नांव घेतलें कीं, वादळांतला पतंग डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ह्या पुरुषाच्या बुद्धीचा खरा कस आकाशांत नव्हे, जमिनीपाशीं लागला. आणि तीच गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते.

त्यांचा जन्म इ. स. १७०६ त अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं झाला. वडील साबण व मेणबत्त्या करीत, भावंडें सतरा. शाळा जेमतेम दोन वर्षें घडली. बाराव्या वर्षीं ते भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करूं लागले व सतराव्या वर्षीं घर सोडून फिलाडेल्फियास गेले. तेथें छापखान्याच्या धंद्यांत त्यांनीं इतकें मिळविलें कीं, बेचाळिसाव्या वर्षीं तो भागीदारावर सोंपवून ते विद्युत्प्रयोगांस मोकळे झाले.

पतंगाचा प्रयोग १७५२ चा. पुढील सालच्या आपल्या पंचांगांत त्यांनीं घर राखण्याचा उपाय छापून टाकला. त्याचा हक्क राखून पैसा केला नाहीं. लोखंडी गजाचें एक टोंक घराच्या माथ्यावर सहा-आठ फूट असावें व दुसरें तीन-चार फूट ओल्या जमिनींत पुरावें, असा तो उपाय. लोकांची दृष्टि वरच्या टोंकावर खिळली. पण खालची वाट तुटली तर वरचें टोंक घातकच! १७५३ त सेंट पीटर्सबर्ग येथें रिखमन नांवाचे शास्त्रज्ञ जमिनीशीं न जोडलेल्या गजापाशीं निरीक्षण करीत असतां विजेनें गतप्राण झाले.

१७६९ त इटलींतील ब्रेशिया येथें दारूच्या कोठारावर वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तेव्हां इंग्लंडच्या सरकारास पर्फ्लीट येथील आपल्या कोठारांची धास्ती पडली. १७७२ त रॉयल सोसायटीनें नेमलेल्या मंडळांत फ्रँक्लिन होते. मंडळानें सुचविलें तें असें : कोठाराच्या दोन्ही टोंकांस चार फूट पाणी राहील अशा विहिरी खणाव्या, पाण्यांतून शिशाची नळी वर आणून ती गजास जोडावी, कारण शिसें ओलाव्यानें लोखंडासारखें गंजत नाहीं, गजाचें वरचें फूटभर टोंक तांब्याचें असावें, आणि गजाचे तुकडे एकमेकांत घट्ट पिळून बसवितांना मध्यें शिशाचा पातळ पत्रा घालावा, म्हणजे धातु अखंड राहील. गंजलेला अगर सैल सांधा म्हणजे विजेच्या वाटेंतला खड्डाच होय. तेथें ती उडी मारते व ठिणगी पडते. दारूपाशीं ठिणगी म्हणजे काय, हें सांगणें नकोच.

टोंक अणकुचीदार असावें कीं बोथट, ह्यावर पुढें विद्वानांत कडाक्याचें भांडण जुंपलें. आम्हांस तर सांध्याचीच सूचना अधिक मोलाची वाटते.

१७७७ च्या मे महिन्यांत पर्फ्लीटच्या एका इमारतीवर वीज पडली. कठड्याच्या दगडांतील एका लोखंडी आंकड्यापाशीं थोड्या विटा ढांसळल्या. दारू सुरक्षित राहिली. त्या वेळीं फ्रँक्लिन पॅरिस येथें होते. अमेरिकेचें इंग्लंडशीं युद्ध चालू होतें, आणि त्याच इंग्लंडविरुद्ध फ्रान्सचें साहाय्य मिळविण्याच्या खटपटींत ते गुंतले होते.