विश्लेषण : मारधाडपटांचे ‘मास्टर भगवान’ खरोखर मारामारी करू शकत होते का?

‘अलबेला’तला हळूच खांदे हलवत नाचणारा, अंगाने थोराड, भाबडा नायक म्हणून भगवानदादा आज ओळखले जातात. पण १९५१ च्या त्या चित्रपटाआधी दहा-बारा वर्षे त्यांचे पोट ठोशांवर, उड्यांवर आणि आपटाआपटीवर चालत होते. पडद्यावर दहा जणांना लोळवणारा हा माणूस प्रत्यक्षात किती लढवय्या होता? हा प्रश्न विचारला की गोष्ट एका थपडेपाशी येऊन थांबते.

गिरणी कामगाराचा मुलगा पडद्यावर कसा आला?

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील कापड गिरणीत कामाला होते. भगवान मुंबईत वाढले, अंगमेहनतीची कामे केली आणि सिनेमाच्या वेडापायी स्टुडिओत शिरले. मूकपटांत किरकोळ भूमिका मिळाल्या. कुस्तीची आवड होती आणि ‘दादा’ हे नाव त्या आवडीमुळेच चिकटले, असे सांगितले जाते. म्हणजे अंगात रग होती, शरीर कमावलेले होते. मात्र फड मारणारा पैलवान म्हणून त्यांचे नाव कधी झाले नाही. त्यांची कीर्ती पडद्यावरचीच.

हे मारधाडपट कोणासाठी होते?

भारतीय पडद्यावरच्या साहसी नायकाची वाट मास्टर विठ्ठल यांनी आधीच पाडली होती. पहिल्या बोलपटाचे, १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच. भगवान यांनी १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढची दहा-अकरा वर्षे स्वस्तातल्या मारधाडपटांचा सपाटाच लावला. साधारण ६५ हजार रुपयांत चित्रपट उरकायचा. त्यात कलाकारांच्या जेवणापासून कपड्यांपर्यंत सगळे तेच बघत.

प्रेक्षक ठरलेला होता. गिरणगावातला कामगार. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. दापोलीकडच्या मुरुडसारख्या गावातला माणूस हर्णै बंदर गाठून बोटीने मुंबईला यायचा, खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि पाळी संपल्यावर तिकिटाला चार पैसे टाकायचा. त्याला पडद्यावर राजबिंडा नायक नको होता. आपल्यासारखाच दिसणारा, साधाभोळा, पण वेळ आली की भल्याभल्यांना उताणे पाडणारा गडी हवा होता. भगवान नेमके तेच करत. सुशिक्षित समीक्षकांनी या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यातले बहुतेक आज पाहायलाही मिळत नाहीत, हे अधिक मोठे नुकसान.

पडद्यावरची मारामारी खरी असते का?

नसते आणि नसायलाच हवी. ठोसा गालापासून काही इंच दूरून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की ते अंतर दिसत नाही. मार खाणारा योग्य क्षणी मान झटकतो आणि आवाज नंतर भरला जातो. यात खरी मेहनत मार खाणाऱ्याची. मारणाऱ्याचे कसब म्हणजे पूर्ण जोर दाखवायचा आणि ऐनवेळी हात आवरायचा. कुस्तीत जोर लावण्याची सवय असते, आवरण्याची नव्हे. शिवाय तेव्हाच्या स्वस्त चित्रपटांत आजच्यासारखी तालीम, गाद्या, वेगळा मारामारी दिग्दर्शक असा थाट नसे. अंगावर झेलायचे आणि पुढच्या शॉटला उभे राहायचे.

ती थप्पड काय होती?

साल १९४२. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी ललिता पवार यांना थोबाडीत मारायची होती. हात आवरला गेला नाही. थप्पड इतकी जोरात बसली की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डाव्या डोळ्याची नस फुटली. तीन वर्षे उपचार चालले. डोळा मात्र कायमचा अधू राहिला.

येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई तेव्हा जेमतेम पंचविशीच्या होत्या. मूकपटांपासून नायिकेची कामे करत होत्या, चित्रपटनिर्मितीतही उतरल्या होत्या. नायिकेचे दिवस त्या थपडेने संपवले. भगवान नवखे होते म्हणून असे झाले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते पटत नाही. मूकपट करून आलेला, चार वर्षांपूर्वीच दिग्दर्शक झालेला माणूस नवखा कसा? रोज खऱ्याखुऱ्या धक्काबुक्कीची सवय झालेल्या हाताकडून ही चूक झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. त्यात द्वेष नव्हता. पण किंमत मोजली ती ललिताबाईंनी.

त्या परत उभ्या राहिल्या, हे वेगळे सांगायला नको. खाष्ट सासू म्हणून घराघरांत त्यांच्या नावाने बोटे मोडली गेली. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाने फिल्मफेअर मिळवून दिले आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’मधली मंथरा नव्या पिढीनेही पाहिली. त्या बारीक झालेल्या डोळ्याचाच त्यांनी अभिनयात उपयोग करून घेतला.

ब्रूस ली यांच्याबाबतही हाच प्रश्न का विचारतात?

जगभर हा वाद ब्रूस ली यांच्या नावाने रंगतो. त्यांनी हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन शिकले होते. १९६४ मध्ये ओकलंडला वाँग जॅक मॅन यांच्याशी त्यांची बंद दाराआड लढत झाली. तिचा निकाल दोन्ही बाजू आपापल्या परीने सांगतात. पण कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की हेच ब्रूस ली १९५८ मध्ये हाँगकाँगचे चा-चा नृत्यविजेते होते. पडद्यावरच्या लढाईला ताल लागतो, तो असा कुठून तरी येतो.

मग ठोसा सुटून ठेका कसा आला?

भगवान यांनी १९४२ मध्येच जागृती पिक्चर्स काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्टुडिओ उभारला. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला. त्यातून जिवलग मित्र सी. रामचंद्र यांचे संगीत आणि गीता बालीची साथ घेऊन ‘अलबेला’ आला. तुफान चालला. आडदांड शरीराने केलेली ती हलकी, मोजकी पावले पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही दिसली. इथे मात्र हात अगदी आवरलेले होते.

पुढचा प्रवास उताराचा. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) यांना ते यश लाभले नाही. जुहूचा २५ खोल्यांचा बंगला गेला, सात गाड्या गेल्या. नंतरच्या चित्रपटांत ते गर्दीत क्षणभर नाचून जाणारे म्हातारबाबा म्हणून दिसत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ललिता पवार त्याआधी चार वर्षे, फेब्रुवारी १९९८ मध्ये गेल्या होत्या.