कल्पनेमागचा कारकून

शास्त्रीय आधार असलेली थरारक कादंबरी वाचताना वाचक श्वास रोखून पाने उलटतो. त्या पानांसाठी लेखकाने किती रूक्ष ग्रंथ पचविले असतील, हा विचार त्या वेळी मनात येत नाही. येऊ नये, यातच लेखकाचे यश असते. या वाङ्मयप्रकाराचा पाया घालणाऱ्यांत अग्रगण्य असलेल्या ज्यूल व्हर्नचे आयुष्य बव्हंशी अशा ग्रंथांच्या सहवासातच गेले.

फ्रान्समधील नान्त बंदरात १८२८ साली तो जन्मला. वकील पित्याने त्याला कायदा शिकण्यासाठी पॅरिसला धाडले. तेथे तो नाटके लिहीत बसला. पुढे संसारासाठी त्याने शेअर बाजारात दलाली पत्करली. पहाटे लेखन, नंतर बाजार आणि मिळेल तो वेळ ग्रंथालयात, असा त्याचा क्रम होता. भूगोल, खगोल, यंत्रविद्या, प्रवासवृत्ते यांतून तो टिपणे काढी. १८६३ मध्ये हेत्झेल या प्रकाशकाने त्याची बलूनप्रवासाची कादंबरी छापली आणि दलाली सुटली. टिपणे मात्र सुटली नाहीत.

१८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत त्याने नऊशे फुटी तोफ फ्लोरिडात रोवली. डिसेंबर १९६८ मध्ये 'अपोलो ८' मधून तीन अंतराळवीर फ्लोरिडातूनच चंद्राकडे निघाले, तेव्हा व्हर्नला द्रष्टा ठरविण्यात आले. हे कौतुक काहीसे भाबडे आहे. चंद्र माथ्यावर येण्यासाठी अठ्ठावीस अंशांच्या आतील अक्षांश हवा, हे गणित त्याला ठाऊक होते. त्यात दिव्यदृष्टी नव्हती, अभ्यास होता. आणि चूकही होती : त्या तोफेच्या धक्क्याने आतील प्रवासी क्षणात प्राणास मुकले असते.

भारतासंबंधी त्याचे लेखन अधिक विचार करावयास लावते. कॅप्टन नेमो हा रशियाने छळलेला पोलिश सरदार असावा, अशी त्याची मूळ योजना होती. रशियातील विक्रीवर डोळा असलेल्या प्रकाशकाने ती मोडून काढली. पुढे १८७५ मध्ये नेमो हा १८५७ च्या संग्रामात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र असल्याचे व्हर्नने उघड केले. त्याच लेखकाने १८८० च्या कादंबरीत नानासाहेब पेशव्यांना क्रूर खलनायक म्हणून रंगविले! व्हर्न भारतात कधी आला नाही. त्याचा हिंदुस्थान छापील मजकुरातून आलेला होता. तोफेचे आकडे त्याने नात्यातील एका गणितज्ञाकडून तपासून घेतले होते. कानपूरची हकीकत दुसऱ्या बाजूने तपासून देणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता.

उत्तरायुष्य आमिएँ गावी गेले. १८८६ मध्ये पुतण्याने झाडलेल्या गोळीने पाय कायमचा अधू झाला. दोन वर्षांनी तो नगरपालिकेत निवडून आला. फ्रेंच अकादमीने मात्र त्याला कधीच आत घेतले नाही. मुलांचा लेखक हा शिक्का पुसला गेला नाही. दृष्टी मंदावत गेली, तरी गावातील औद्योगिक संस्थेच्या वाचनालयात नियतकालिके चाळण्याचा परिपाठ त्याने दीर्घकाळ सांभाळला. २४ मार्च १९०५ रोजी तो वारला, तेव्हा प्रसिद्ध न झालेली कितीतरी हस्तलिखिते मागे उरली होती.