शाळेनेच बंदी घातली, पण पोरांनी लुई ब्रेलची लिपी सोडली नाही

मतदानाला गेलात की ईव्हीएम नीट बघा. उमेदवाराच्या नावासमोरच्या निळ्या बटणाशेजारी बारीक उठावाची टिंबं असतात. तो ब्रेलमधला अनुक्रमांक. ज्याला दिसत नाही, तो माणूस बोट फिरवून आपला उमेदवार शोधतो आणि कुणालाही न सांगता मत देतो.

ही टिंबं एका १५ वर्षांच्या फ्रेंच मुलाने तयार केली, इतकं आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. पण त्याच्या स्वतःच्या शाळेने एकेकाळी या लिपीवर बंदी घातली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर गोष्ट सुरू होते पॅरिसपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या कूव्रे गावात. ४ जानेवारी १८०९ ला तिथे लुई ब्रेलचा जन्म झाला. चार भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज बनवायचे. घरालाच लागून कारखाना. तीन वर्षांचा असताना लुई तिथे खेळत होता आणि चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला. पाचव्या वर्षापर्यंत पोराची दृष्टी पूर्ण गेली.

त्या काळात गरीब घरातल्या अंध मुलाचं पुढे काय व्हायचं? बहुतेकांच्या वाट्याला भीक. पण लुईच्या आईवडिलांनी त्याला घरात बसवून ठेवलं नाही. वडिलांनी लाकडावर खिळे ठोकून अक्षरं बनवली आणि बोट फिरवायला लावून शिकवली. गावच्या पाद्रीने आणि मास्तरांनी त्याला डोळस मुलांच्याच वर्गात बसवलं. पोरगं हुशार निघालं. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला.

व्हॅलेंतीन आउई यांनी सुरू केलेली ही शाळा जगातल्या अशा पहिल्या शाळांपैकी एक. तिथे पुस्तकंही होती. नेहमीचीच अक्षरं, फक्त कागदावर उठाव देऊन मोठी छापलेली. एकेक पुस्तक उचलायला जड, छपाई महाग, त्यामुळे पुस्तकं मोजकीच. एकेका अक्षराची वळणं बोटाने चाचपत शब्द लावायचा, तोवर वाक्याची सुरुवात विसरायला व्हायची.

आणि खरी गोची पुढे होती. हे वाचता तरी यायचं, पण लिहिता येत नव्हतं. उठावाची अक्षरं छापायला छापखाना लागतो. म्हणजे मुलांनी दुसऱ्यांनी निवडलेलं वाचायचं, स्वतःची साधी नोंद करायची तरी कुणीतरी डोळस माणूस शोधायचा.

१८२१ मध्ये चार्ल्स बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची पद्धत शाळेत आली. त्यात अक्षरांऐवजी टिंबं होती. जाड कागद पाटीत अडकवायचा, टोच्याने टोचायचं, उलटा करून वाचायचा. इथे एक फॉरवर्ड मोडीत काढू. ज्या आरीने डोळा गेला त्याच आरीने लुईने लिपी बनवली, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. गोष्ट म्हणून भारी आहे, पण पाटी आणि टोच्या बार्बिए यांच्या पद्धतीतच होते.

या पद्धतीत अडचणी मात्र होत्या. एका खुणेत १२ पर्यंत टिंबं असायची. ती एका बोटाखाली मावत नसत, बोट खालीवर न्यावं लागे. शिवाय खुणा उच्चारांच्या होत्या. स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. लुई तेव्हा १२ वर्षांचा. पुढची तीन वर्षं तो रात्री आणि सुट्टीत घरी गेल्यावर कागद टोचत बसायचा. १८२४ पर्यंत त्याची लिपी तयार झाली.

त्याने १२ ची ६ टिंबं केली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. बोटाचं टोक ठेवलं की अख्खं अक्षर एका स्पर्शात कळतं. सहा टिंबांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि संगीतसुद्धा त्यात बसलं. डोळ्याला छान दिसेल म्हणून काहीही केलेलं नव्हतं, सगळा हिशोब बोटाचा होता. डोळस माणसाने बहुधा असा विचार केलाच नसता.

१८२९ मध्ये त्याने या पद्धतीचं पुस्तक काढलं. गंमत म्हणजे ते पुस्तक जुन्याच उठावाच्या अक्षरांत छापलेलं होतं! १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तोवर लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता आणि त्याला टीबीने गाठलं होतं.

मग १८४० मध्ये शाळेचे प्रमुख बदलले. जुने संचालक पिन्ये लुईच्या बाजूचे होते. त्यांना हटवून द्युफो आले आणि त्यांनी टिंबं बंद केली. पुन्हा उठावाची अक्षरं सुरू. अंधांची वेगळी लिपी झाली तर ते समाजापासून तुटतील, असं त्या काळच्या अनेक डोळस शिक्षकांना वाटायचं. ऐकायला हा मुद्दा पटतोही. फक्त तो मांडणाऱ्यांपैकी कुणालाच त्या अक्षरांत पानभर लिहायचं नव्हतं.

मुलांनी ऐकलं नाही. ती चोरून टिंबांतच लिहीत, वाचत राहिली. शेवटी द्युफो यांचे सहायक जोसेफ गादे यांनाच लिपी पटली आणि त्यांनी साहेबांचं मन वळवलं. फेब्रुवारी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. एका मुलाने ऐकलेला मजकूर टिंबांत उतरवला आणि तेव्हा खोलीत नसलेल्या दुसऱ्याने तो आत येऊन वाचून दाखवला. बंदी संपली.

यादरम्यान लुईने आणखी एक काम केलं होतं. मुलांना घरी पत्र लिहिता यावं आणि ते आईवडिलांना वाचताही यावं, म्हणून त्याने टिंबांनीच नेहमीची अक्षरं काढायची रीत बसवली. अंध असलेल्या पिएर फूको यांनी तिच्यासाठी यंत्र बनवलं. नंतरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं तत्त्व वेगळं नव्हतं. समाजापासून तुटण्याच्या मुद्द्याला याहून सरळ उत्तर काय असणार?

६ जानेवारी १८५२ ला, ४३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, लुई गेला. त्याच्या लिपीला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्याचे अवशेष मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. गावाने हात मात्र ठेवून घेतले. ते आजही कूव्रेलाच आहेत.

भारतातल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं. त्यात मराठी 'क' म्हणजे इंग्रजी 'के'चीच टिंबं, 'ब' म्हणजे 'बी'ची. आणि 'कि' लिहिताना आपली वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये मात्र बोलतो त्याच क्रमाने आधी क, मग इ.

आता स्मार्टफोनमध्येही ब्रेल कीबोर्ड असतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू केला की स्क्रीनवर दोन्ही हातांची मिळून सहा बोटं टेकवायची. एका बोटाला एक टिंब.