वाटाण्याच्या वेलीचा टाइमलॅप्स केला आणि त्यातून भारताचा पहिला कथापट उभा राहिला

आज प्रत्येक मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं. कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरून धावणाऱ्या ढगांच्या रील दर पावसाळ्यात व्हायरल होतात. पण ११० वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर असाच टाइमलॅप्स केला होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही शिकले. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशी चळवळीच्या काळात ती सोडली. घाटावर लोणावळ्याजवळ असलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं. मग दादरला स्वतःचा छापखाना काढला, तंत्र शिकायला जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि तेही सुटलं.

चाळिशी उलटली होती. हातात काम नव्हतं. अशात १९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. आपल्या राम-कृष्णांच्या गोष्टी पडद्यावर का नकोत, हा प्रश्न तिथून डोक्यात बसला. मग रोज सिनेमे बघायचे, पुस्तकं वाचायची, प्रयोग करायचे. याचा इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. उपचारांनी डोळे वाचले.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला.

आता अडचण होती भांडवलाची. इथे सिनेमा बनू शकतो यावरच कोणाचा विश्वास नव्हता, तर पैसे कोण लावणार?

याच धडपडीच्या काळात फाळकेंनी एक प्रयोग केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. मूकपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ चित्रं टिपली जात. इथे एका चित्रानंतर थांबायचं, रोप वाढू द्यायचं, मग पुढचं घ्यायचं. मध्येच कुंडी सरकली किंवा कॅमेरा हलला, तर सगळी मेहनत वाया. पण पडद्यावर जे दिसलं ते जादूसारखं होतं. बी फुटलं, अंकुर वर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही छोटीशी फिल्म निवडक लोकांना दाखवली गेली आणि पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. बाईच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसत.

बाहेरचं शूटिंग झालं वांगणीला. कर्जत लोकलने जाताना बदलापूरनंतर येतं तेच वांगणी. इथला एक किस्सा आजही सांगितला जातो. ढाल-तलवारी घेऊन आलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि पोलिसांनी सगळ्यांना अडवून ठेवलं. सिनेमा म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं, मग समजावणार कसं? शेवटी फाळके आले, त्यांनी कॅमेरा दाखवला, तेव्हा सुटका झाली. आज त्याच पट्ट्यात, चौकजवळ, एन. डी. स्टुडिओ उभा आहे आणि शूटिंगच्या गाड्या दिसल्या तर कोणी वळूनही बघत नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. पुढे फाळके नाशिकला गेले. ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ आले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्याही एकेक चित्र घेत नाचवल्या.

पण व्यवहार त्यांना कधी जमला नाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी पुन्हा वाजलं. त्यात बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी सुरू केलेला धंदा त्यांना जवळपास विसरला होता.

त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली, म्हणजे ते गेल्यानंतर २५ वर्षांनी.