दह्यात तारुण्य शोधणारा शास्त्रज्ञ

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये, आजच्या युक्रेनमधील खारकिवजवळचा. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हेत. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली, पुढे दुसरीला टायफॉइड झाला. या दोन प्रसंगी त्यांनी स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला. नंतर मात्र याच माणसाला आयुष्य लांबवण्याचा ध्यास लागला.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना गावी ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. सहज सुचले म्हणून त्यांनी अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता! बाहेरून आलेल्या शत्रूला गिळणाऱ्या या भक्षकपेशी म्हणजे प्रतिकारशक्तीची पहिली फळी. या शोधासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिच यांच्यासोबत मिळाले.

तोवर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांचे लक्ष म्हातारपणाकडे वळले होते. वृद्धशास्त्रासाठी आज वापरला जाणारा जेरोंटॉलॉजी हा शब्द त्यांचाच, १९०३ मधला. उतारवयात भक्षकपेशी घरच्यांवरच उलटतात, केसांतला रंग खातात आणि मेंदूतल्या चेतापेशीही, असे त्यांचे म्हणणे होते. थोडक्यात, कुंपणच शेत खाते. दोष त्यांनी मोठ्या आतड्याला दिला. तिथे अन्न कुजते, जंतूंचे विष रक्तात मिसळते आणि चेतापेशी दुबळ्या होतात, असे त्यांना वाटे.

मग औषध कोणते? आंबवलेले दूध. बल्गेरियातील शेतकरी ते भरपूर पितात आणि दीर्घायुषी असतात, असे त्यांच्या कानावर आले होते. त्या दुधातला जंतू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण डॉक्टरने वेगळा केला. जेवणाअखेर ताक पिणाऱ्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, पॅरिसला मात्र वाटले. औषधांच्या दुकानांत या जंतूंच्या गोळ्या येऊ लागल्या. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. पण हे दूध पिणारे व न पिणारे असे दोन गट करून वर्षानुवर्षे तुलना कुणी केली नव्हती. हा जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे पुढे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले.

दही प्यायल्याने निदान कुणाचे नुकसान झाले नाही. लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन मात्र याच कल्पनेच्या आहारी जाऊन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत. त्यातले काही दगावले.

मेंदूविषयीचा त्यांचा अंदाज मात्र अगदीच वाया गेलेला नाही. मेंदूत स्वतःच्या भक्षकपेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत या पेशी चेतापेशींमधले जोड गरजेपेक्षा जास्त खातात, असे अलीकडे दिसले आहे. त्यांना आवर घालून माणसाची स्मृती टिकवणारे औषध अजून हाती आलेले नाही. प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ दावा करणाऱ्या डब्यांवर हा तपशील छापलेला नसतो. म्हातारपणी ही शक्ती एकीकडे कमी पडते आणि दुसरीकडे नको तिथे भडकते, त्यामुळे नुसती वाढवून भागत नाही.

मेचनिकॉफ जुलै १९१६ मध्ये हृदयविकाराने गेले. वय ७१. त्यांचा अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.